निळ्या ठिपक्याची पुडी

घरी परतून पंधरा दिवस झाले. आमच्या नंदाखाल गावच्या बायका विहिरीवर भेटल्या की विचारतात, "फिलू, काय पाहिलंस गं तिकडे?" मी सांगायला लागते आणि दुसऱ्या वाक्याला माझा आवाज आत जातो. मग त्याच एकमेकींना सांगतात. खाटांना भोकं होती म्हणे, माणसांवर औषध करून बघत होते म्हणे. अर्धं खरं, अर्धं खोटं. म्हणून जसं झालं तसं या वहीत लिहिते. आमची घरची बोली वेगळी, पण लिहायला शिकले ती शाळेत, चौथीपर्यंत, तेव्हा शाळेच्या भाषेतच लिहिते. त्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, बातमीने तिथल्या दोन मुलींची ठरलेली लग्नं थांबली आहेत. माझ्या वहीमुळे तिसरं थांबायला नको.

सोमवार, गास

सोमवारी सकाळी मी वाडीत केळीची पानं कापत होते. पापडीहून आलेल्या शेजाऱ्याने बांधावरूनच निरोप दिला: तुझ्या सेसिलला पटकी झाली, दुमिंग बोलावतो आहे.

सेसिल माझी धाकटी बहीण. दुमिंग तिचा नवरा, खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम आहे. सहा वर्षं झाली लग्नाला, पण मी तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. नाताळला, सणाला तीच इकडे यायची. माझा नवरा बस्त्याव म्हणाला, "जा. पण कसल्याही कागदावर अंगठा देऊ नको."

"मला सही येते," मी म्हटलं.

"मग सहीही देऊ नको."

एस.टी. निर्मळवरून गासला आली तशी मी उतरले. आमचं माहेर गासला. आय एकटीच असते. तिला सांगितल्याशिवाय पुढे जाववेना. ती अंगणात वाल निवडत होती. ऐकलं आणि सूप तसंच मांडीवर धरून बसली.

"कोण बघतंय तिला?"

"मुंबईचे डॉक्टर आलेत म्हणे. शाळेत खाटा टाकल्यात. कसलीशी पुडी पाण्यात कालवून पाजतात."

"पाण्यात?" आय उठलीच. "पाणी देतात?"

आमच्याकडे जुलाब-वांती सुरू झाली की पहिलं पाणी बंद करतात. पोटात पाणी गेलं की ते तसंच बाहेर येतं, म्हणून घालायचंच नाही. आयने तेच ऐकलं होतं, तिच्या आयनेही. माझा भाऊ पेद्रू नऊ वर्षांचा असताना त्याला अशीच पटकी झाली. मी बारा वर्षांची होते. आयने पाण्याचं मडकं उचलून माळ्यावर ठेवलं होतं. पेद्रूचे ओठ ओल्या फडक्याने पुसायचं काम माझ्याकडे होतं. तो फडकं दातात धरून चोखायचा आणि आय ते त्याच्या तोंडातून ओढून घ्यायची, रडत रडत. दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेच्या घंटेच्या आधी तो गेला.

"फिलू, तू तिथे बस आणि बघ," आय म्हणाली. "तिला पाणी पाजू देऊ नको. आणि ती पुडी कसली ते विचार. सरकारी गाडीतून आलेल्या वस्तूचा भरवसा नाही."

तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. दोनतीन वर्षांपूर्वी सरकारी जीप रस्त्यावर दिसली की आमच्याकडचे पुरुष केळीच्या बनात शिरायचे. शाळेतल्या कामाच्या नावाने नेलं आणि नसबंदीचं ऑपरेशन करून परत पाठवलं, अशा गोष्टी घरोघर होत्या. आता पुडीच्या नावाने काय देतील कोणाला ठाऊक?

आयने सहा शहाळी पिशवीत भरली. "बरी झाल्यावर दे हां. आधी नको."

बांधावरून

पापडीहून टांगा केला. टांगेवाल्याने गावाचं नाव ऐकून नाकाला रुमाल लावला आणि बांधाच्या कितीतरी आधीच उतरवलं. दुमिंग तिथे उभा होता. दाढी वाढलेली, सदऱ्याला मिठाचे पांढरे डाग.

आमच्याकडे कुठेही उभं राहा, डोक्यावर झाड असतं. माडाचं, केळीचं, नाहीतर आंब्याचं. वाडीत बावखलं असतात, गोड्या पाण्याची तळी, त्यात पानं पडतात, बेडकं ओरडतात. इथे झाड नावाला नाही. एकामागे एक चौकोनी वाफे, त्यांत गुडघ्याएवढंही नाही असं पाणी आणि काठावर मिठाच्या राशी. ऊन खालूनही लागतं आणि वरूनही. अर्ध्या तासात माझे ओठ खारट झाले.

"सेसिल शुद्धीवर आहे?" मी विचारलं.

"आहे. काल बाटली लावली होती हातात. आता पुडीचं पाणी पिते."

"तू कागदावर सही केलीस?"

"केली."

"काय लिहिलं होतं?"

"इंग्रजी होतं, फिलूबाय. डॉक्टरांनी सांगितलं, पुड्या दोन प्रकारच्या आहेत. एकीवर लाल ठिपका, एकीवर निळा. कोणाला कुठली ते पाकीट फोडल्यावर कळतं."

"म्हणजे लॉटरी?"

दुमिंगने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाला, "आपल्याला निळी निघाली."

शाळेतले बाक बाहेर उन्हात रचून ठेवले होते. आतल्या दोन वर्गांत कापडी खाटा. खाटेच्या कापडाला मधोमध भोक आणि खाली बादली. नर्स बादलीत पट्टी बुडवून बघायची आणि वहीत लिहायची. मला इतकी लाज वाटली की मी दारातच थांबले. माणसाच्या अंगातून जे जातं ते मोजून लिहून ठेवायचं, हे कसलं औषध?

सेसिलला मी ओळखलंच नाही. डोळे खोल गेलेले. बोटांची कातडी दिवसभर कपडे धुतल्यासारखी सुरकुतलेली. "बाय, आलीस," ती म्हणाली. आवाज घोगरा, पण तिचाच.

शेजारच्या खाटेवर काना म्हातारा होता. मिठागरावर जन्म काढलेला, सेसिलच्या शेजारचा. त्याची बायको ठमाबाय त्याला पेल्याने पाजत होती. सेसिलच्या दोन्ही मुली तिच्याच घरी होत्या.

"ए डाक्टर," काना ओरडत होता, "दारू दे, गपगुमान पितो. ह्ये कसलं पानी?"

"पी रं मेल्या," ठमाबाय म्हणाली. "दारूपायीच तुझं आतडं पातळ झालंय."

डॉक्टर चष्मा लावलेले, चाळिशीचे असतील. मला पाहून ते स्वतःहून बोलायला आले, तशी मी पदर पुढे ओढला.

"तुम्ही बहीण ना? घाबरू नका. जेवढं पाणी बाहेर जातंय तेवढं आत घालायचं, बस. माणूस पटकीने मरत नाही, सुकून मरतो."

"आमच्याकडे पाणी बंद करतात," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

"सगळीकडे तेच करत आले. ही साथ काही तुमच्या गावची नाही, बाई. कुठल्या लांबच्या बेटांवरून निघाली आणि वर्षानुवर्षं देशोदेशी फिरते आहे. सगळ्यांना पुरतील एवढ्या सलाईनच्या बाटल्या कुठून आणायच्या? म्हणून हे पिण्याचं शोधून काढलंय. चव घेऊन बघा हवी तर. अश्रूंपेक्षा खारट लागायला नको, एवढंच लक्षात ठेवा."

मी चव घेतली नाही. मनात म्हटलं, मला पाजून काय बघायचंय यांना? आणि खोलीच्या कोपऱ्यात त्यांच्या स्वतःसाठी सोड्याच्या बाटल्यांचं खोकं होतं, ते मी पाहून ठेवलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सेसिल पीत राहिली आणि मी तिला अडवलं नाही. आयने सांगितलं होतं, तरी अडवलं नाही. हातात पेला घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला पेद्रूचे दात दिसले.

जेवण ठमाबायकडे. भात, बोंबलाचं कालवण आणि डाळ. आमच्याकडे मीठ नारळाच्या करवंटीत असतं आणि चिमटीने घालतात. इथे चुलीजवळ जमिनीवरच ढीग, मूठ भरून घ्यायचं. डाळ कचकचीत राहिली होती. "आमची डाल अशीच," ठमाबाय हसून म्हणाली. "दात हायेत तवर खायाची." चहा केला तर दूध फाटलं. मला वाटलं, उन्हाने फाटलं असेल.

मंगळवार

सकाळी सेसिल उशीला टेकून बसली होती. तिने मुलींची चौकशी केली, आपल्या केसांना तेल लाव म्हणाली. मी तेल लावलं. पलीकडच्या रांगेतली एक बाई तेव्हाच घरी गेली. तिच्या खाटेवरच्या चिठ्ठीला लाल ठिपका होता.

दुपार व्हायच्या आत सेसिलला पुन्हा वांती सुरू झाली. पेला पोटात गेला की परत. तहान तर अशी की पेला रिकामा व्हायच्या आत दुसरा मागायची. कानाचंही तेच. काल टिंगल करणारा म्हातारा आता नुसता कण्हत होता. त्याच्याही चिठ्ठीला निळा ठिपका.

मी खाटा मोजल्या नाहीत, पण नजर फिरवली. मला दिसलं ते एवढंच: लाल ठिपक्याची बाई घरी गेली आणि आमची दोन्ही निळी माणसं खालावली. मग माझं ठरलंच. एक पुडी खरी आहे आणि एक खोटी. खोटीने माणूस कसा जातो ते लिहून घ्यायला ती वही आहे.

नर्स बाहेर गेली तेव्हा मी सेसिलच्या पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. अश्रूंपेक्षा खारट नको म्हणाले होते. अश्रू मला ठाऊक आहेत. हे त्याच्या कितीतरी पुढचं होतं.

मी काय केलं ते लिहिते. पेला घेऊन शाळेच्या मागे गेले आणि बाभळीच्या मुळाशी ओतून टाकला. दुमिंगच्या घरून कोयता आणला, एक शहाळं फोडलं आणि त्याच पेल्यात ओतून आणलं. सेसिल एका दमात प्यायली. माझ्याकडे बघून तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने दुसरं शहाळं दिलं. ते पोटात राहिलं.

नर्स आली. केरळची मुलगी, हिंदी-मराठी मिसळून बोलायची. दोन दिवस झोपली नव्हती हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "कितना पिया, बाई?"

"दोन पेले," मी म्हटलं.

"पुडीचा?"

मी मान हलवली. तिने लिहून घेतलं.

तिसरं शहाळं फोडून आत येत होते, तेव्हा काना म्हणाला, "पानी." एवढंच. ठमाबायने लगेच निळ्या पुडीचा पेला त्याच्या ओठाला लावला. तो प्यायला आणि तिच्या अंगावरच ओकला. तिने लुगड्याच्या पदराने त्याचं तोंड पुसलं आणि दुसरा पेला भरला. "डाक्टरनी सांगितलंय. पी. माझ्यासाटी पी."

माझ्या हातातल्या पेल्यात गोड पाणी होतं. तो पेला मी सेसिलला दिला.

तिथे मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर डॉक्टरांना कळलं असतं की मी ओतून टाकलं, खोटं सांगितलं. सेसिलला खाटेवरून उठवून घरी पाठवतील, दुमिंगने सही केली आहे, त्याच्यावर काही येईल. आणि दहा माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हणजे माझा आवाजच आत जातो. मी गप्प बसले. हातात रोझरी होती, पण कितव्या मण्यावर होते ते आठवत नाही.

बुधवार

सकाळी सेसिलने भाताची पेज मागितली. कानाच्या हाताला नर्स सुई लावत होती आणि शीर सापडत नव्हती. डॉक्टर गुडघ्यावर बसले होते. "शेवटची बाटली आहे," ते नर्सला म्हणाले. "परवा चांगला होता की हा. काय झालं याला?"

काना जीभ बाहेर काढत होता. ठमाबाय खाली बसून त्याचे पाय चोळत होती. मला पाहून म्हणाली, "तुझी बहीन बरी झाली बाय, देव पावला. माझाच यडा पीत नाय. काय करू सांग?"

मी काही सांगण्याआधी माझा हात पुढे झाला. कानाच्या उशाचा पेला मी उचलला आणि डॉक्टरांसमोर धरला.

"प्या," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही पिऊन बघा. आमच्या निळ्या पुडीत खोट आहे. मी काल सेसिलचं सगळं ओतून टाकलं. शहाळं दिलं. नर्सबाईंना खोटं सांगितलं."

सगळं एका श्वासात बाहेर पडलं. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही ओतून टाकलंत? आणि वहीत दोन पेले लिहायला लावलेत? तुम्हाला कळतं का, यावर किती लोकांचं..." ते थांबले. मी पेला तसाच धरून होते. त्यातलं थोडं त्यांच्या बुटांवर सांडलं.

त्यांनी पेला घेतला आणि घोट घेतला. मग लगेच खिडकीतून थुंकले.

"हे कोणी कालवलं?"

"मैंने, सर. एक पुडी, एक लिटर. बराबर," नर्स म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

डॉक्टर लांब ढांगा टाकत पलीकडच्या रांगेत गेले. लाल ठिपक्याच्या एका माणसाचा पेला उचलून प्यायले. पुन्हा थुंकले. "हेही तसंच आहे."

लालही खारट? म्हणजे मी रात्रंदिवस जो संशय धरून बसले होते तो गेला कुठे?

"पाणी कुठलं आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या हिरीचं," ठमाबाय म्हणाली. "काल तुमची पान्याच्या पिंपांची गाडी आली नाय. चाक मोडलं वाटेत. मग आमी बायांनी हंडे भरून दिले. नर्सबायनी उकळलं चांगलं."

"मैंने पूछा था सर, मीठा पानी है क्या? सब ने बोला, हाँ."

"गोडंच हाय!" ठमाबायचा आवाज चढला. "आमच्या गावात तीच एक गोड हीर. बाकीच्यांत जनावर बी तोंड घालीत नाय. आमी जन्मभर पितो, मेलो काय?"

डॉक्टरांनी ठमाबायच्या हंड्यातलं पाणी चाखलं आणि मला दिलं. मी चाखलं. आणि मला कचकचीत डाळ आठवली, फाटलेलं दूध आठवलं. सोमवारी संध्याकाळीच हे सगळं माझ्या ताटात होतं. गोड्या पाण्यावर वाढलेली मी, आणि मलाच कळू नये! मी पुडीकडे बघत बसले आणि पाण्याकडे बघितलंच नाही. त्यांच्या जिभेला ते पाणी खरंच गोड लागतं. जन्म मिठात गेला त्यांचा. आधीच खारं पाणी, उकळून आणखी आटलेलं, त्यात पुडीचं मीठ.

"चूक माझी," डॉक्टर म्हणाले. कोपऱ्यातल्या खोक्याकडे त्यांनी पाहिलं. "पहिल्या दिवशी पिंपाचं पाणी तपासलं आणि मग विसरलो. मी सोड्याच्या बाटल्या पितोय. इथलं पाणी मी तोंडातच घेतलं नाही."

दुमिंगने मिठागराची बैलगाडी जुंपली आणि रिकामी पिंपं घेऊन पापडीकडे गेला. तो येईपर्यंत कानाला काय द्यायचं? माझ्याकडे तीन शहाळी उरली होती. ती आयने सेसिलसाठी दिलेली. मी सेसिलकडे पाहिलं.

"दे बाय," सेसिल म्हणाली. "काल मला दिलंस तेव्हाच द्यायचंस."

डॉक्टर म्हणाले, नुसत्या शहाळ्याने भागणार नाही, पण गाडी येईपर्यंत थोडं थोडं द्या. ठमाबायने चमच्याने पाजलं. पाचसहा चमच्यांनंतर कानाने डोळे उघडले. "ह्ये कुठलं?" त्याने विचारलं.

"गासचं," मी म्हटलं.

"मग काल कुठं दडवलंस?"

ठमाबाय हसली. मला हसू आलं नाही.

गाडी जेवणवेळेला आली. पापडीच्या विहिरीचं पाणी, थंड, गोड. नर्स उकळून गार करायची आणि डॉक्टरांनी मला भांड्यापाशी बसवलं. "तुमच्या जिभेवर माझा विश्वास आहे. चाखल्याशिवाय एकही पुडी फुटणार नाही." गुरुवारी, शुक्रवारी मी प्रत्येक भांडं चाखलं. आधी पाणी, मग कालवलेलं. लाल आणि निळ्या पुडीत मला काही फरक लागला नाही. ठमाबाय येता-जाता म्हणायची, "काय गो डाक्टरीण, पास का नापास?"

डॉक्टरांनी वहीतलं मंगळवारचं पान दोन रेघा मारून रद्द केलं. मी हिंमत करून विचारलं, "पुडीत असतं काय?"

"लालमध्ये ग्लुकोज. निळीत तुमच्या चहातली साखर. निळीनेही तेवढंच काम होतं का, ते बघतोय. झालं तर गावोगाव ती परवडेल. बाकी दोन्हींत सारखंच. मीठ, खायचा सोडा, आणखी एक क्षार."

"साखर आणि मीठ?"

"आणि पाणी. पाणी मुख्य. मीठ-साखर ते आतड्यातून अंगात ओढून घेते."

मला ते खरं वाटेना. ते जाईपर्यंत मी त्यांच्याकडे तिरक्या नजरेनेच बघत राहिले. एवढे शिकलेले लोक, एवढ्या बादल्या, वह्या, पाकिटं, आणि आत काय, तर चुलीजवळच्या फळीवर असतं ते?

शनिवार, परत गास

सेसिल चालू लागली होती. काना खाटेवर बसून पुन्हा दारू मागत होता. निघताना मी डॉक्टरांना नमस्कार केला आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काही राहिलंय का?"

"माझा भाऊ होता," मी म्हटलं. "नऊ वर्षांचा. पटकीत आम्ही त्याचं पाणी बंद केलं. तो मागत होता. दिलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "किती वर्षं झाली?"

"वीस असतील."

"तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं, बाई," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "दिलं असतं, थोडं मीठ, थोडी साखर घालून, तर बहुधा..." पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

बांधावरून परत येताना पिशवी रिकामी होती, तरी जड वाटत होती.

आय फाटकातच उभी होती. कोणाच्यातरी निरोपाने तिला कळलं होतं सेसिल वाचली म्हणून. तिने मला हाताला धरून ओटीवर बसवलं.

"पाणी दिलं का तिला?"

मी माळ्याकडे पाहिलं. ते मडकं आता तिथे नाही, पण त्याची गोल खूण लाकडावर अजून आहे.

"पुडी दिली," मी म्हटलं.

"कसली पुडी? काय होतं तिच्यात?"

"औषध, आय. मोठं औषध. आत्ताच निघालंय. मुंबईलाही मिळत नाही अजून."

आय माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भरवसा नसल्यासारखी, मी डॉक्टरांकडे बघायचे तशी. "तेव्हा नव्हतं ते?"

"नव्हतं."

"कोणाकडेच?"

"कोणाकडेच नव्हतं, आय."

तिने मोठा श्वास सोडला आणि क्रूसाची खूण केली. मग माझ्यासाठी चहा ठेवायला उठली. फळीवरचा साखरेचा डबा काढला. त्याच्या शेजारी मिठाची करवंटी होती. मी दुसरीकडे बघितलं.

आयला वाचता येत नाही. म्हणून हे सगळं लिहिता आलं.